नसलेल्या गल्लीतली वाट

ऑफिसात तिला सगळे ‘पुसणारी’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. नाव जुनं होतं. नकाशे हातानं काढायचे त्या दिवसांत ती शहराच्या नकाशाखात्यात लागली, तेव्हा ट्रेसिंगच्या कागदावरच्या शाईच्या रेघा ब्लेडनं खरवडून काढायचं काम तिच्या वाट्याला आलं. एखादं घर पाडलं गेलं की त्याची चौकट नकाशावरून काढायची. कागद फाटता कामा नये आणि तिथं कधी रेघ होती असा संशयही येता कामा नये. तिचा हात इतका हलका, की खरवडलेली जागा उजेडाकडे धरली तरी कळत नसे. पुढे शाई गेली, ब्लेड गेलं, टेबलांवर स्क्रीन आले आणि उपग्रहानं आभाळातून काढलेली चित्रं येऊ लागली. काम मात्र तेच राहिलं. मागच्या वर्षीचं आणि यंदाचं चित्र एकावर एक ठेवायचं, नवीन उगवलेल्याला चौकट घालायची, गेलेलं पुसायचं.

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, मी लोकांना हातभर अंतरावरचं दाखवतो आणि आमची बाई आभाळातून सगळ्यांच्या गच्च्या बघते, घरात काही लपवायची सोय नाही. ती हसून सोडून द्यायची. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. घर पुसण्याआधी ते एकदा नीट बघून घ्यायची तिला सवय होती. टाकी कुठं होती, दोरीवर कपडे होते का, मागं झाड होतं का. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण न बघता पुसलं की दिवसभर हाताला काहीतरी चिकटल्यासारखं वाटे.

खात्याच्या प्रमुख असलेल्या मॅडम वयानं तिच्याहून बऱ्याच लहान होत्या, बोलायला मोजक्या. त्या वर्षी त्यांनी एक मोठं काम काढलं. गेल्या काही वर्षांत शहर कुठून कुठं सरकलं, मधल्या वस्त्या कशा विरल्या, कडेला काय दाट झालं, हे सगळ्या जुन्या चित्रांवरून शोधायचं होतं. त्यातला विटांच्या वस्तीचा तुकडा तिच्याकडे आला. वीटभट्टीच्या कामगारांनी फार पूर्वी उरल्यासुरल्या विटांत बांधलेली ती वस्ती. बुटकी घरं, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं अशा गल्ल्या. तिथं मोठं बसस्थानक करायचं ठरलं. वस्ती पाडली, माणसं शहराच्या टोकाला उंच इमारतींत हलवली, भोवती पत्रे ठोकले आणि मग काम कुठल्याशा वादात अडकून पडलं. मोकळं मैदान तेवढं राहिलं.

पाडल्यानंतरच्या चित्रांत काही बघण्यासारखं नव्हतं. राखाडी माती, मग एक वर्ष गवत, मग पुन्हा माती. ती पुढचं चित्र उघडणार, एवढ्यात मैदानाच्या साधारण मध्यावर तिला एक काळी बारीक खूण दिसली. चित्र जेवढं मोठं होईल तेवढं तिनं केलं. सावली होती. आभाळातून बघताना माणूस म्हणजे एक ठिपका, तो मातीत मिसळून जातो. पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली लांब पडते आणि ती दिसते. इतकी वर्षं हे काम केल्यावर खांबाची सावली कुठली आणि माणसाची कुठली हे तिला झटकन कळायचं. ही माणसाची होती.

एखादा माणूस मैदानात उभा असणं काही नवल नाही. तिनं पुढच्या वर्षीचं चित्र उघडलं. सावली तिथंच होती. त्याच्या पुढच्या वर्षी होती, आणि त्याच्याही पुढच्या. उपग्रह या शहरावरून नेहमी साधारण एकाच वेळी जातो, ऊन चढत असताना. दर वेळी त्या घटकेला मैदानात एक सावली पडलेली होती, कधी सरळ, कधी मधे मोडल्यासारखी, म्हणजे माणूस बसलेला.

तिनं पाडण्याआधीच्या वस्तीच्या रेघांचा थर काढून त्या चित्रावर पसरला. सावली जिथून सुरू होत होती, म्हणजे माणसाचे पाय जिथं होते, ती जागा एका घराच्या दारात येत होती. अगदी उंबऱ्यावर. ती खुर्चीत मागं टेकून बसली. मग तिच्या लक्षात आलं की मैदानात एक फिकट रेघही आहे. रोज पाय पडून पडून माती उजळते, तशी पायवाट. मोकळ्या मैदानात माणूस नाकासमोर चालतो. ही वाट तशी नव्हती. ती कुंपणापासून थोडी आत यायची, काटकोनात वळायची, पुन्हा वळायची, कशाला तरी वळसा घालायची आणि त्या दारात येऊन संपायची. आडवं काहीच नव्हतं. पण जुना थर वर असताना ती वाट गल्लीतून चाललेली दिसत होती, एकाही भिंतीला न शिवता.

शेजारच्या टेबलावर मोजणीवाले बसत. शहरभर जमीन मोजून पाय झिजलेला, निवृत्तीला आलेला माणूस. तिनं त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, कुत्र्यांची वाट असेल, कुत्री जुन्या वासावर चालतात. मग सावलीकडे बघून ते आपल्या जागेवर जाऊन बसले. चहाच्या वेळी मात्र त्यांनी तिला सांगितलं, तिथं जाऊन एकदा खात्री करून घे.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमारास ती तिथं गेली. पत्र्यांमध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी फट होती आणि फटीतून आत गेल्या गेल्या वाट सुरू होत होती. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा कलकलाट होता. आत आल्यावर तो एकदम लांब गेला. गुडघाभर गवत वाळून उभं होतं. ती मुद्दाम वाटेनं गेली नाही, सरळ मैदान कापत निघाली. मध्यावर पोहोचली तेव्हा तिला तो दिसला.

एक म्हातारा माणूस त्या दारात उभा होता. स्वच्छ सदरा, काळा चष्मा, आणि दोन्ही हात खिशात. जिथं कमरेएवढं गवतही नव्हतं तिथं तो खांदा किंचित टेकल्यासारखा उभा होता, चौकटीला टेकावं तसा. ती थांबली. तिच्या पायाखाली काटकी मोडली आणि त्यानं मान वळवली.

"कोण आहे?"

"मी... नकाशाच्या ऑफिसातून आलेय."

"बरं," तो शांतपणे म्हणाला. "बाई, जरा बाजूला व्हा. तुम्ही भिंतीत उभ्या आहात."

ती बाजूला झाली. का झाली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ती दोन पावलं सरकून वाटेवर आली आणि मगच तिला नीट श्वास घेता आला.

तो जन्मापासून आंधळा होता. वेताच्या खुर्च्या विणायचं काम करायचा. वस्तीत त्याला सगळे वेतवाले काका म्हणत. ती पण लगेच काकाच म्हणू लागली. त्यांच्या आईनं लहानपणी हात धरून त्यांना या गल्ल्यांतून फिरवलं होतं, आणि कळायला लागल्यापासून या गल्ल्यांत त्यांना कुणाचा हात धरावा लागला नव्हता. आता भाचीकडे राहायला होते, उंच इमारतीत. भाची कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. जाताना ती त्यांना फटीपाशी सोडायची आणि दुपारच्या सुट्टीत घेऊन जायची. तिकडे नवीन इमारतीत सगळं सारखंच आहे, ते म्हणाले, सगळे मजले सारखे, सगळे दरवाजे सारखे, भिंतींनाही एकच वास. तिथं ते भाचीच्या बोटाला धरून चालतात. इथं एकटे चालतात.

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, पण ही वस्ती पाडली ना?"

"सगळे तसंच म्हणतात," काका म्हणाले. "असेल बुवा. मी काही पाहिलं नाही."

त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. पाडापाडी झाली तेव्हा भाचीनं त्यांना आधीच हलवलं होतं. परत आले तेव्हा गल्लीतून चालताना कशाला धडकले नाहीत, आणि गल्लीतून चालताना ते आधीही कधी धडकले नव्हते. त्यांच्या पायांना काही फरक सांगण्यासारखा सापडला नव्हता. तिला विचारायचं होतं की मग भिंतीला हात लावून बघितलात का. पण तिचं लक्ष त्यांच्या खिशांकडे गेलं. सबंध वेळ त्यांनी हात बाहेर काढले नव्हते. आंधळा माणूस हात खिशात घालून चालत नाही. ती विचारायची थांबली.

त्यानंतर ती अधूनमधून जाऊ लागली. ऑफिसला जाता जाता, कधी कामातून मधेच वेळ काढून. काका तिला वस्ती दाखवायचे. इथं नळ गळायचा, जपून, घसराल. इथं शिंप्याचं मशीन. इथं एक बाई दिवसभर भांडायची आणि संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजायची. ती त्यांच्या मागून चालायची, वळायचं तिथं वळायची, आणि आठवड्याभरात तिला कळून चुकलं की आपणही मैदान सरळ कापायचं सोडून दिलंय. नवऱ्याला तिनं हे सांगितलं तेव्हा त्यानं दुकानातली भिंगं पुसता पुसता तिच्याकडे टक लावून बघितलं. तो एवढंच म्हणाला, की गिऱ्हाइकाला नसलेलं दिसायला लागलं तर मी नंबर बदलून देतो, तुला काय देऊ ते सांग.

उन्हाळ्याच्या तोंडावर बसस्थानकाचा वाद मिटला. मॅडमनी विटांच्या वस्तीचा जुना थर मोजणीवाल्यांना द्यायला सांगितलं. तिनं दिला. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. असे थर सतत कुणी ना कुणी मागतच असे. काम सुरू व्हायच्या आधी काकांना आणि त्यांच्या भाचीला सांगायला हवं, हे तिच्या मनात होतं. पण काम सुरू व्हायला अजून वेळ आहे असं ऑफिसात सगळेच धरून चालले होते.

सुट्टीनंतरच्या सकाळी ती ऑफिसात येऊन बसतेय तोवर मोजणीवाले सहज बोलून गेले, "त्या मैदानात सुट्टीतच खड्डे घेऊन टाकले. माती तपासायला. पुरुषभर खोल जावं लागलं."

ती तशीच उठली.

फटीतून आत शिरली तेव्हा मैदान ओळखू येत नव्हतं. गवत साफ केलेलं होतं आणि जिकडे तिकडे चौकोनी खड्डे उघडे पडले होते, कडेला ताज्या मातीचे ढीग. खणणारं यंत्र पार पलीकडच्या टोकाला घरघरत होतं. आणि खड्ड्यांच्या मधून काका चालले होते. रोजच्या चालीनं, हात खिशात.

हाक मारावी असं तिला वाटलं आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. हाकेनं माणूस दचकतो, वळतो, एक पाऊल इकडे टाकतो. काका एका खड्ड्याच्या अगदी काठाशी आले, त्यांच्या चपलेखालून मातीचं ढेकूळ सुटून आत पडलं, आणि ते काटकोनात वळले. पुढे दुसरा खड्डा होता. तिथंही त्यांनी वळण घेतलं. एका जागी दोन खड्ड्यांच्या मधे जेमतेम पाऊल मावेल एवढी जमीन उरली होती. तिथून जाताना त्यांनी अंग थोडं चोरलं, समोरून कुणी यावं तसं. कुणाला तरी वाट दिल्यासारखी मानही हलवली.

तेव्हा तिला उमजलं. गल्ल्यांखालून जुने पाण्याचे नळ गेलेले होते, म्हणून मोजणीवाल्यांनी गल्ल्या सोडून खड्डे आखले होते. थर तिचाच होता, आणि रेघाही तिनंच कधीकाळी ओढलेल्या होत्या. एकेक खड्डा एकेका घरात पडला होता. जिथं घर होतं तिथं आता खोल काळोख होता आणि जिथं गल्ली होती तिथं तेवढी जमीन होती. काका वस्तीतूनच चालत होते. वस्ती उलटी होऊन जमिनीत गेली होती, एवढंच.

ती त्यांच्या मागोमाग निघाली. पायाखाली बघायची तिला हिंमत होईना, म्हणून तिनं त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर डोळे खिळवले आणि ते वळले तिथं वळत गेली. काका आपल्या दारात पोहोचले. उंबऱ्याची जागा शाबूत होती. त्याच्या लगेच पुढे, सबंध घराएवढा, खड्डा.

"आलात का," मागं न वळता काका म्हणाले. "आज पाठ भरून आलीय. जरा आत जाऊन पडतो."

आणि त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. दार ढकलायला. इतक्या दिवसांत तिनं तो हात पहिल्यांदा बघितला. वेत ओढून ओढून बोटांना पडलेले कठीण पांढरे घट्टे. ती तीन-चार पावलं मागं होती. धरायला गेली असती तर दोघं गेली असती.

"दार बंद आहे, काका," ती म्हणाली. "कुलूप आहे."

हात हवेत थांबला.

"कुणी लावलं?"

"मी लावलं."

तिला स्वतःचा आवाज ऑफिसातल्यासारखा ऐकू आला, कामाचा, कोरडा. काका उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी मान जराशी पुढे केली, दाराला कान लावावा तशी, आणि बराच वेळ तसेच राहिले. यंत्राची घरघर मधेच बंद पडली. खालून, खड्ड्यातून, काहीतरी पुटपुटल्यासारखं येत होतं. थांबायचं, पुन्हा यायचं. झिरपणारं पाणी असेल. सुटणारी माती असेल. ती वाकून बघू शकली असती. तिनं बघितलं नाही.

"कुलूप लावलंय," काका हळूच म्हणाले, "मग आत कोण बोलतंय?"

तिच्या मानेवर काटा आला. "शेजारचे असतील."

काका थोडे हसले. "हां. भिंत पातळच आहे आमची." त्यांनी हात पुन्हा खिशात घातला. "मग चावी तुमच्याकडे?"

"माझ्याकडे आहे."

"जपून ठेवा," ते म्हणाले, आणि आल्या वाटेनं वळले. ती पुन्हा त्यांच्या मागून, वळणं घेत, फटीपर्यंत आली. बाहेर रस्त्यावर पोहोचल्यावर ती पत्र्याला टेकून खाली बसली. काका शेजारी उभे राहिले. भाची येईपर्यंत दोघं तिथंच थांबली.

भाचीला तिनं सगळं सांगितलं तेव्हा ती बिचारी पांढरीफटक पडली. रोजच्या घाईत तिनं फटीतून आत कधी डोकावलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिनं त्यांना तिकडे सोडणं बंद केलं. काकांनी हट्ट धरला नाही. घर बंद आहे, ऑफिसातल्या बाईंकडे चावी आहे, एवढंच ते शेजारपाजाऱ्यांना सांगत.

बसस्थानकाचं काम सुरू झालं, वर्षभरात भिंती उभ्या राहिल्या. शनिवारी दुपारी ती काकांकडे जायची. भाचीच्या घरी खिडकीपाशी बसून ते पुन्हा खुर्च्या विणायला लागले होते. मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात एकटे जायला शिकले होते. दाराची कडी ते बोटांनी ओळखायचे. आता हात खिशात नसायचे. पण ती आली की पहिला प्रश्न ठरलेला. घर कसं आहे? सुरुवातीला ती तोंडाला येईल ते सांगायची. मग तिला ते बरं वाटेना, म्हणून निघण्याआधी ती ऑफिसात जुनं चित्र उघडून बघायची आणि तेच सांगायची. कौलं ठीक आहेत. मागच्या भिंतीला गवत आलंय थोडं. समोरच्यांनी दोरीवर चादर टाकलीय. काका विणता विणता ऐकायचे आणि मान हलवायचे.

एका शुक्रवारी मॅडमनी तिला बोलावलं. विटांच्या वस्तीचा अभ्यास पुरा झाला होता आणि जुने थर, त्यांच्या चित्रांसकट, आता काढून टाकायचे होते. त्यांनी सौम्यपणे विचारलं, तुम्ही कराल की दुसऱ्या कुणाला सांगू? ती म्हणाली, मीच करते. एकेक घर बघून तिनं एकेक पुसलं. काकांचं घर शेवटी ठेवलं होतं, तेही पुसलं. हात तेवढाच हलका पडला.

शनिवारी ती गेली तेव्हा काका एका खुर्चीची बैठक संपवत होते. ती बसली. तिनं मनाशी ठरवलं होतं की विचारलं तर आठवणीतून सांगायचं. तिला सगळं पाठ होतं. पण काकांनी विचारलंच नाही. ते वेताचं टोक दाबून बसवत राहिले. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"काका, घराचं नाही विचारलंत आज?"

"कशाला विचारू?" काका म्हणाले. "सकाळीच जाऊन आलो. कुलूप नव्हतं. बसलो आत जरा वेळ."

तिनं दारात उभ्या असलेल्या भाचीकडे बघितलं. भाचीनं नाही म्हणून मान हलवली. काका चार दिवस तापानं पडून होते, व्हरांड्यातसुद्धा गेले नव्हते.

"सगळे भेटले," काका म्हणाले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसून बघा. ढिली वाटते का कुठं?"

ती त्या खुर्चीत बसली. वेत घट्ट होता, कुठंही सैल नव्हता. भाचीनं तिघांसाठी चहा ठेवला.